खाशाबा जाधव : लंडनचा सहावा नंबर ते हेलसिंकीचं पदक, मधल्या चार वर्षांत नेमकं काय घडलं?

समजा, तुम्ही साखरखेर्ड्यात राहता. बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. लहानपणापासून मातीत कुस्ती खेळलात. आसपासच्या गावांत तुमच्या जोडीचं कुणी नाही. मग एक दिवस मोठ्या स्पर्धेला जाता आणि तिथं माती नसतेच. मॅट असते. पायात बूट घालावे लागतात. समोरचा कधी खाली वाकला आणि कधी पायाला बिलगला ते कळत नाही. पंच गुण देतो, ते कशाचे दिले हे समजेपर्यंत लढत संपलेली असते.

घरी परत येताना दोन वाटा असतात. एक म्हणजे नशिबाच्या आणि पंचाच्या नावानं बोटं मोडायची. दुसरी म्हणजे शांत बसून विचार करायचा, की आपण हरलो ते नेमकं कशामुळे?

१९४८ मध्ये बावीस वर्षांच्या एका पोराचं असंच झालं होतं. फरक इतकाच की त्याची स्पर्धा जिल्ह्याची नव्हती, ऑलिम्पिकची होती. तो सहावा आला. चार वर्षांनी तोच पोरगा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन घरी परतला.

नाव अर्थातच खाशाबा दादासाहेब जाधव.

दर १५ जानेवारीला त्यांची जयंती येते, महाराष्ट्रात हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो आणि आपल्या फीडवर त्यांचा तोच काळा-पांढरा फोटो फिरतो. खाली बहुतेक वेळा एकच गोष्ट लिहिलेली असते. गरीब घरचा पैलवान, घर गहाण ठेवणारे प्राचार्य, पदक आणि नंतरची उपेक्षा. ही गोष्ट खरी आहे. पण ती वाचून असं वाटतं की पदक जिद्दीनं आणि दैवानं मिळालं. लंडन ते हेलसिंकी ही चार वर्षं नीट बघितली तर वेगळं चित्र दिसतं. एका पैलवानानं आपल्या पराभवाचे तुकडे केले आणि एकेक तुकडा सोडवत नेला, असं ते चित्र आहे.

गोळेश्वरचं पैलवानांचं घर

सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथं १९२६ मध्ये खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. पोराला पाचव्या वर्षीच लाल माती लागली.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा खाशाबा शाळकरी होते. सातारा जिल्ह्यात तेव्हा भूमिगतांचं मोठं जाळं होतं. त्यांना आसरा देणं, निरोप आणि पत्रकं पोचवणं ही कामं या पोरानं केली. पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजमध्ये आले.

कुस्तीसाठी कोल्हापूर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना बळ दिलं, खासबागेचं मैदान उभं केलं आणि देशभरातले मल्ल इथं आणले. गल्लोगल्ली तालीम, तालमीत वस्ताद आणि वस्तादाच्या शब्दाबाहेर कुणी नाही, असं ते वातावरण. खाशाबांना इथं बेलापुरे गुरुजींसारखे वस्ताद मिळाले.

खाशाबा अंगापिंडानं आडदांड नव्हते. पैलवान म्हटल्यावर जो धिप्पाड माणूस डोळ्यांसमोर येतो, त्याच्या शेजारी ते पोरसवदा वाटायचे. त्यांचं भांडवल होतं चपळाई. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान आणि हात कवेत घेऊन, अंग फिरवून त्याला पाठीवर टाकायचं. त्यात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं असतं.

लंडन १९४८ : प्रश्नपत्रिकाच वेगळी

राजाराम कॉलेजच्या या पैलवानाचा लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात उतरले.

आता माती आणि मॅट यांत काय फरक असतो, ते समजून घेऊ. कारण सगळी गोष्ट इथंच अडते.

आखाड्यातली माती मऊ असते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती मुरवलेली असते. पाय मातीत रुततो, त्यामुळं जागेवर घट्ट उभं राहता येतं आणि हालचाल जरा सावकाश होते. पैलवान अनवाणी असतो. समोरच्याच्या लांगेला, जांगेला हात घालून त्याला उचलता येतं. परंपरेनं कुस्तीला घड्याळ नसतं. कुणीतरी चितपट होईपर्यंत झुंज चालते. जोड लावतानाही तराजूपेक्षा वस्तादाचा अंदाज चालायचा.

मॅटवर यातलं काहीच नाही. पृष्ठभाग सपाट, पायात बूट, त्यामुळं सगळं झपाट्यानं घडतं. फ्रीस्टाइलमध्ये पायावर हल्ला चालतो, पण कपडा पकडता येत नाही. म्हणजे मातीतल्या कितीतरी डावांची पहिली पकडच बाद. वजनाचे गट काटेकोर. त्या काळच्या ऑलिम्पिकमध्ये लढत पंधरा मिनिटांची असायची. तेवढ्यात कुणी चितपट झालं नाही तर तीन पंच निर्णय द्यायचे. म्हणजे फक्त पाठ वाचवून भागत नाही, आपण वरचढ आहोत हे पंचांना दिसावं लागतं.

खाशाबांची सगळी जडणघडण मातीतली. लंडनच्या आधी रीस गार्डनर या अमेरिकेच्या माजी लाइटवेट विजेत्यानं त्यांना मॅटवरची कुस्ती शिकवली. जन्मभराची सवय बदलायला हा वेळ फार थोडा होता. तरी खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत गारद केलं. अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. मग इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना रोखलं आणि खाशाबा सहावे आले.

मातीतून थेट मॅटवर गेलेल्या पोरासाठी सहावा नंबर मोठाच होता. त्यावर आयुष्यभर हारतुरे घेता आले असते. खाशाबा परत आले आणि पुढच्या ऑलिम्पिकच्या तयारीला लागले.

मध्येच एका गणितज्ञाची गोष्ट

इथं जरा थांबून कुस्तीबाहेर जाऊ.

लंडन ऑलिम्पिकच्या तीन वर्षं आधी, १९४५ मध्ये, अमेरिकेत एक छोटं पुस्तक आलं. लेखक जॉर्ज पोल्या, जन्मानं हंगेरियन, गणिताचे प्राध्यापक. अवघड गणित कसं सोडवायचं, हा पुस्तकाचा विषय. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. आधी प्रश्न नीट समजून घ्या. मग आराखडा करा. मग तो अंमलात आणा. आणि शेवटी मागे वळून बघा, की काय जमलं आणि काय राहिलं. आज इंजिनीअरिंगपासून मॅनेजमेंटपर्यंत समस्या सोडवण्याच्या ज्या पद्धती शिकवतात, त्यांतल्या अनेकींचा सांगाडा थोड्याफार फरकानं असाच असतो.

खाशाबांनी हे पुस्तक वाचलं होतं, असं कुणी म्हणत नाही. पण त्यांची चार वर्षं या चार पायऱ्यांवर ठेवून बघा, अगदी चपखल बसतात. कारण मी हरलो हा प्रश्न नसतो, तो निकाल असतो. निकाल सोडवता येत नाही. त्याच्यामागं लपलेले प्रश्न सोडवता येतात. खाशाबांसमोर असे चार होते.

पहिला प्रश्न : मॅट

लंडनमध्ये एक गोष्ट स्पष्ट झाली होती. ताकद आणि दम यांत खाशाबा कमी नव्हते, नाहीतर पहिल्या दोन लढती त्यांनी जिंकल्याच नसत्या. अडचण होती ती वेगळ्या पृष्ठभागाची आणि वेगळ्या नियमांची. म्हणजे नुसते जोर-बैठका वाढवून भागणार नव्हतं.

मातीतलं सगळं टाकून द्यायचीही गरज नव्हती. ढाकेचंच बघा. त्या डावाला समोरच्याची लांग लागत नाही, मान आणि हात लागतात. त्यामुळं तो मॅटवरही चालतो. चपळाई तर मॅटवर मातीपेक्षा जास्त कामाला येते. म्हणजे आपल्याजवळ काय आहे, त्यातलं नव्या जागी काय चालेल, काय चालणार नाही आणि काय नव्यानं शिकायचंय, अशी विभागणी झाली की निम्मं काम होतं. चार वर्षं खाशाबांनी घाम गाळला. पण यावेळी घाम कशासाठी गाळायचा, हे ठाऊक होतं.

दुसरा प्रश्न : वजन

लंडनला गट होता ५२ किलोचा. हेलसिंकीसाठी खाशाबांनी गट बदलला आणि ते बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात गेले.

ऐकायला पाच किलोचा फरक लहान वाटतो. कुस्ती खेळणाऱ्याला विचारा. खालच्या गटात राहायचं तर अनेकांना स्पर्धेआधी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवावं लागतं आणि मॅटवर उतरताना अंगात त्राण उरत नाही. वरच्या गटात पोटभर खाऊन ताकद वाढवता येते, पण समोरचाही तेवढाच दणकट असतो. म्हणजे एक अडचण सोडून दुसरी घ्यायची असते. कुठली अडचण आपल्याला पेलेल, हे ठरवणं हाही समस्या सोडवण्याचाच भाग. बावीसचा पोरगा आता सव्वीसचा झाला होता. वरच्या गटातला निर्णय योग्य होता, हे पुढे मॅटवर दिसलंच.

तिसरा प्रश्न : निवड

आता असा प्रश्न आला, जो तालमीत सुटणारा नव्हता.

हेलसिंकीला कोण जाणार, यावरून वाद झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुण देताना आपल्यावर अन्याय झाला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. इथं पुष्कळ जण खचतात. कुणी मोर्चा काढतं, कुणी खेळ सोडतं. खाशाबांनी निर्णय फिरवण्याचा अधिकार कुणाकडं आहे, ते बघितलं. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंग होते आणि त्यांना कुस्तीची आवड होती. खाशाबांनी थेट त्यांच्याकडं दाद मागितली.

मागणीही बघा कशी. मला पाठवा, असा हट्ट नव्हता. पुन्हा लढत लावा, एवढंच मागणं होतं. लढत लागली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं. वाद मिटला. ज्या गोष्टीची परीक्षा मॅटवर होऊ शकते ती मॅटवरच होऊ दे, यापेक्षा स्वच्छ मार्ग दुसरा कुठला?

चौथा प्रश्न : पैसा

निवड झाली, पण हेलसिंकीला जायचं कसं?

१९४८ ला महाराजांनी खर्च उचलला होता. मधल्या काळात देश बदलला. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. खेळाडूला हक्कानं जिथं हात पसरता येईल असा संस्थानाचा खजिना आता राहिला नव्हता आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून उभी राहायची होती. खाशाबा नेमके या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडले.

मग त्यांनी ओळखीच्या माणसांचे उंबरे झिजवले. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेव्हाचे सात हजार म्हणजे नोकरदार माणसाची कित्येक महिन्यांची कमाई.

ही घटना आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच वेळी एक गोष्ट नोंदवून ठेवावी. देशाच्या पहिल्या वैयक्तिक पदकाची हमी एका मास्तराच्या घरानं दिली होती.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही हरवलं. समोर राहिले दोघे, जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव. या दोन्ही लढती खाशाबा हरले आणि तरी त्यांना कांस्यपदक मिळालं.

हरूनही पदक कसं? तर तेव्हाची पद्धत एका पराभवात बाहेर काढणारी नव्हती. प्रत्येक लढतीनंतर दोषगुण मिळायचे. चितपट करून जिंकलात तर शून्य, पंचांच्या निर्णयावर जिंकलात तर थोडे, हरलात तर जास्त. ठरलेल्या मर्यादेपर्यंत दोषगुण साचले की तुम्ही बाहेर. शेवटी उरलेल्यांत क्रम लागायचा. त्यामुळं सुरुवातीच्या लढती कशा जिंकता याला फार मोल होतं. शेवटच्या तिघांत खाशाबा होते, तिसरे.

सुवर्ण घेऊन गेलेल्या इशींची गोष्टही इथं सांगायला हवी. ते मूळचे ज्युदोचे खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, तेव्हा ते कुस्तीकडं वळले. हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. म्हणजे ज्या लढतीत खाशाबा हरले, त्या लढतीत दोघेही आपापला जुना खेळ नव्या मॅटवर उतरवून आलेले होते. एक मातीतून, दुसरा ज्युदोतून.

जो प्रश्न खाशाबांच्या हातात नव्हता

सोव्हिएत पैलवानाबरोबरच्या लढतीबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. इशींबरोबरची झुंज दमछाक करणारी झाली होती. दोन लढतींमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. खाशाबांना लगेच मॅटवर बोलावण्यात आलं. त्यांच्या बाजूनं नियमावर बोट ठेवून हरकत घ्यायला तिथं एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले.

या सगळ्या कहाणीतला सगळ्यात बोचरा भाग मला हा वाटतो. मॅट, वजन, निवड, पैसा, या चारही प्रश्नांना खाशाबा स्वतः भिडू शकत होते आणि भिडले. पाचवा प्रश्न होता बाजूला उभं राहणाऱ्या माणसाचा. लढत खेळणारा पैलवान एकाच वेळी नियमांची वही घेऊन पंचांशी वाद घालू शकत नाही. ते काम व्यवस्थेचं असतं. खेळाडूनं आपल्या वाट्याचं गणित सोडवलं होतं, व्यवस्थेनं आपलं हातातही घेतलं नव्हतं.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे सांगता येणार नाही. पण ती संधी मिळायला हवी होती.

१५१ बैलगाड्या आणि एक कर्ज

खाशाबा परत आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी कित्येक तास लागले. दिल्ली-मुंबईत मात्र चर्चा हॉकीची होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये भारतानं हॉकीचं सलग पाचवं सुवर्ण जिंकलं होतं.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. पोल्यांची चौथी पायरी आठवा, मागे वळून बघा. खाशाबांनी मागे वळून बघितलं तेव्हा त्यांना आधी कुणाचं तरी घर दिसलं.

१९५५ मध्ये ते पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळं १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव लागलं ते २०१० मध्ये.

भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, १९९६ मध्ये लिअँडर पेसनं ते जिंकलं. कुस्तीतलं पुढचं पदक ५६ वर्षांनी, २००८ मध्ये. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळालं ते थेट ७२ वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हा. खाशाबांनी वाट दाखवली होती. त्या वाटेचा रस्ता करायचं काम आपण फार उशिरा हाती घेतलं.

मग आपण यातून काय घ्यायचं?

पुन्हा साखरखेर्ड्याला येऊ. मोठ्या स्पर्धेतून हरून आलेल्या त्या पोराकडं किंवा पोरीकडं. खेळ कुस्ती असो, कबड्डी असो नाहीतर धावणं.

एक वही घ्या. हरलो, एवढंच लिहून थांबू नका. कुठं हरलो ते लिहा. पृष्ठभाग नवा होता? नियम माहीत नव्हते? गट चुकला? शेवटच्या मिनिटात दम संपला? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. दम संपणाऱ्यानं डाव घोकून उपयोग नाही आणि नियम माहीत नसणाऱ्यानं आणखी शंभर बैठका मारून उपयोग नाही. मग बघा, आपल्याजवळचं काय नव्या जागी चालेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल. पुढच्या स्पर्धेनंतर तेच पान पुन्हा उघडा.

आणि वहीत शेवटी एक रकाना असा ठेवा, जो तुमच्यासाठी नाही. गावात मॅट आहे का? नियम समजावून सांगणारा कुणी आहे का? स्पर्धेच्या ठिकाणी तुमच्या बाजूनं उभं राहायला कोण येणार आहे? जायचं भाडं कोण देणार? तो रकाना शाळेनं, ग्रामपंचायतीनं, क्रीडा खात्यानं आणि गावातल्या मोठ्या माणसांनी भरायचा आहे.

खाशाबांच्या वेळी तो रकाना एका प्राचार्यानं आपलं घर गहाण टाकून भरला होता. येत्या १५ जानेवारीला त्यांचा फोटो शेअर करायच्या आधी, आपल्या गावात तो कोण भरतंय, हे एकदा विचारून बघा.